सामानात न आलेली वाकळ

"अगं, आईच्या साड्यांना कात्री लावणार तू?" ताईने फोनवर विचारलं आणि मग दोघीही गप्प झालो.

तीन वर्षांपूर्वी आई गेली. दिवसकार्य झाल्यावर आम्ही दोघी बहिणींनी कराडच्या घरातलं तिचं कपाट उघडलं. ठेवणीतल्या साड्या वाटून घ्यायला वेळ लागला नाही. एक पैठणी ताईला, इरकली मला, नारायणपेठ वहिनीला. राहिल्या त्या रोजच्या नेसायच्या सुती साड्या. मोजल्या तर चौदा भरल्या. धुऊन धुऊन मऊ झालेल्या, काही ठिकाणी विरलेल्या, पदराला हळदीचे डाग. वहिनी म्हणाली, "पूर्वी बोहारीण तरी यायची, आता तीही येत नाही. काय करायचं यांचं?" मी काही न बोलता त्या बॅगेत भरल्या आणि इथे हायडेलबर्गला घेऊन आले.

वर्षभर बॅग तशीच तळघरात होती. मग एक दिवस ठरवलं, या साड्यांच्या वाकळा शिवायच्या आणि घरातल्या मुलांना द्यायच्या. ताईला ते सांगितलं, तर वरचं वाक्य ऐकायला मिळालं. तिचंही चूक नव्हतं. तिच्या मते साड्या घड्या घालून, डांबराच्या गोळ्या ठेवून जपायला हव्या होत्या. मला वाटत होतं, आईने जन्मभर जी गोष्ट वापरली ती कपाटात कोंडून काय करायचं? वाद मिटेना. तेव्हा माझ्या सवयीप्रमाणे मी वाचायला बसले. गोधडीचा इतिहास शोधता शोधता कराडहून थेट पेनसिल्व्हेनियाला आणि तिथून परत आपल्या नेकार नदीकाठी येऊन पोचले! यंदा स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा म्हटलं हाच प्रवास आपल्या मंडळींना सांगावा.

आमच्याकडे सातारा-सांगली-कोल्हापूर भागात गोधडीला वाकळ म्हणतात. बाळाचं ते दुपटं, चार पदरांची ती चौघडी, कापूस भरलेली नाजूक ती दुलई, आणि जुन्या लुगड्यांचे थर घालून शिवलेली ती वाकळ. माझी आजी माघ-फाल्गुनात, शेतातली घाई सरली की वाकळा घालायला बसायची. आधी ओसरी सारवून घ्यायची. त्यावर खालचं अस्तर पसरायचं, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायचे. मग एकेक थर. आतल्या थरांना फाटकी धोतरं, विरलेली लुगडी, काहीही चालायचं, पण वरचा थर मात्र निवडून घ्यायचा. हे सगळं तळहाताने सारखं करून लांब लांब कच्चे टाके घालायचे, म्हणजे थर हलत नाहीत. मग कडेपासून सुरुवात करून चौकोनात आत आत जाणारा धावदोरा. शेजारच्या काकू, आत्या, कुणी ना कुणी मदतीला बसायच्याच. एकीने एक बाजू धरली, दुसरीने दुसरी. वाकळ भरत जायची आणि गावातल्या सगळ्या बातम्याही भरत जायच्या!

त्यात हिशेबही पक्का असे. नऊवारी लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. त्याचे चार सारखे तुकडे केले आणि दोन-दोन शेजारी जोडले, की दोघांना पुरेल एवढ्या वाकळेचे दोन थर होतात. म्हणजे सहा थरांना तीन लुगडी. दोन ओळींत बोटभर अंतर धरलं, तर एका वाकळेत दोनशे तीस मीटरच्या वर दोरा जातो. सेंटीमीटरला एक टाका म्हटलं तरी तेवीस हजार टाके झाले. आजीने हे गणित कधी केलं नसेल. मी केलं आणि चाट पडले.

नवरात्राच्या आधी गावातल्या साऱ्या वाकळा नदीवर जायच्या. ओली वाकळ इतकी जड होते की ती पिळायला दोघी लागतात. कृष्णा-कोयनेच्या वाळवंटात रंगीबेरंगी वाकळा वाळत पडलेल्या मला अजून दिसतात. आणि वाकळ फाटली की तिच्यावर नवा थर घालून पुन्हा शिवायची. तेही संपलं की ती जनावराच्या अंगावर, शेवटी पायपुसणं, पोतेरं. म्हणूनच शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या वाकळा पाहायला मिळणं कठीण. वापरून संपवण्यासाठीच ती शिवलेली असते.

शब्द मात्र टिकले. मोल्सवर्थसाहेबांच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत गोधडी आहे आणि वाकळही आहे. संस्कृतात याच ठिगळांच्या वस्त्राला कंथा म्हणतात. साधू-बैराग्यांनी ती अंगावर घेतली. आपल्या गाडगे महाराजांना (१८७६-१९५६) लोक चिंध्यांच्या वेषामुळे गोधडे महाराज म्हणत. ज्यांच्या नावाचं आज अमरावतीला विद्यापीठ आहे, त्यांची लोकांना पटलेली पहिली ओळख म्हणजे ठिगळांचं पांघरूण!

आपल्या गोधडीची भावंडं भारतभर आहेत. बंगालात कांथा, बिहारात सुजनी, सिंध-राजस्थानात रल्ली. आपल्या शेजारी उत्तर कर्नाटकात कौदी आहे, आणि हल्याळ-यल्लापूरच्या जंगलात राहणाऱ्या, आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज असलेल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी शिवतात. तिच्या कोपऱ्यांना त्या दुमडलेल्या कापडाची फुलं लावतात. फुलांवाचून कवंदी पुरी होत नाही असं त्या मानतात. या सगळ्यांत नशीबवान ठरला तो कांथा. गुरुसदय दत्तांसारख्या अधिकाऱ्याने गावोगाव फिरून कांथे गोळा केले, कोलकात्याजवळ जोका इथे त्यांच्या नावाचं संग्रहालय उभं राहिलं. १९३९ साली स्टेला क्रामरिश या ऑस्ट्रियन विदुषीने कांथ्यावर अभ्यासपूर्ण लेख लिहिला. आपली वाकळ मात्र कपाटाच्या वर नाही तर पलंगाच्या खाली राहिली.

असं का झालं असावं? मला वाटतं, ती बाजारात आली नाही म्हणून. घोंगडीचं पाहा. धनगरांच्या मेंढ्यांची लोकर, सनगरांनी मागावर विणलेलं घोंगडं, बाजारात त्याला किंमत, त्यामुळे जमाखर्चात त्याची नोंद. आपल्या हायडेलबर्ग विद्यापीठाच्या साउथ एशिया इन्स्टिट्यूटमधले गुंथर सोंथायमर (१९३४-१९९२) यांनी तर धनगर आणि खंडोबा-बिरोबा यांच्या अभ्यासात आयुष्य घालवलं. वाकळ मात्र घरच्या बाईने घरच्या चिंध्यांतून घरच्यांसाठी शिवायची. क्वचित कुणी गरजू बाई मजुरी घेऊन शिवून देई, तेवढंच. जे विकलं जात नाही ते वहीत लिहिलं जात नाही.

पण ती प्रवास मात्र करायची. मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली आणि पुढे सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरची हजारो माणसं गिरणगावात गेली. प्रत्येकाच्या हातात एक पत्र्याची ट्रंक आणि खांद्यावर वळकटी. त्या वळकटीत काय असायचं? आईने नाहीतर बायकोने शिवलेली वाकळ. एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या दहा-बारा जणांत आपली जागा म्हणजे आपली वाकळ पसरलेली जागा. आमचे चुलत आजोबा असेच लालबागला होते. ते सुट्टीला आले की गिरणीतल्या कापडाचे तुकडे आणायचे आणि आजी ते वाकळेच्या वरच्या थराला वापरायची. गाव आणि गिरणी एका पांघरुणात शिवली जायची.

हे चक्र का थांबलं? गिरण्यांचा १९८२ चा संप आपल्याला माहीत आहेच. पण त्याच्या आसपासच आणखी एक गोष्ट झाली. घराघरांत सिंथेटिक साड्या आल्या. धुवायला सोप्या, इस्त्री नको, वर्षानुवर्षं फाटत नाहीत. बायकांची मोठी सोय झाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या साडीची वाकळ धड होत नाही. थर एकमेकांवरून सरकतात, घाम शोषला जात नाही, ऊब येत नाही. आजीच्या वाकळेला लागणारा कच्चा मालच घरातून गेला. त्यात स्वस्त ब्लँकेटं आली, आणि वाकळ हे गरिबीचं लक्षण ठरलं. पाहुणे आले की ती लपवायची, सोलापुरी चादर बाहेर काढायची.

आता माझी स्वतःची गोष्ट. १९९६ साली लग्न होऊन मी इकडे यायला निघाले. सामान वीस किलो. कुकर, पोळपाट-लाटणं, गोडा मसाला, कुळथाचं पीठ, सगळं वजनकाट्यावर ठेवून झालं. आईने आजीच्या हातची एक वाकळ घडी करून आणली. "थंडीचा मुलूख आहे, असू दे." मी हसले. म्हटलं, "आई, तिथे सेंट्रल हीटिंग असतं! आणि लोक काय म्हणतील?" ती काही बोलली नाही. वाकळ परत पेटीत गेली. पुढे त्या वाकळेचं काय झालं, कुणालाच माहीत नाही. आई गेल्यावर मी ती पेटी तळापर्यंत पाहिली. नव्हती.

ही सल मनात होती, म्हणून नेकारकाठच्या त्सीगेलहाउझेनमधल्या वस्तुसंग्रहालयात मी गेले तेव्हा जरा जास्तच वेळ रेंगाळले असेन. आपल्यापैकी अनेकांना हे ठिकाण माहीत नसावं. माक्स बेर्क या कापड-उद्योजकाचा संग्रह एका जुन्या चर्चच्या इमारतीत १९७८ पासून मांडलेला आहे. २००० सालापासून युरोपियन क्विल्ट त्रैवार्षिकी याच संग्रहालयाशी जोडलेली आहे. तिथे भिंतीवर लावलेल्या गोधड्या पाहताना मला प्रश्न पडला, या लोकांची तर पिसांची दुलई, फेडरबेट. मग यांच्याकडे क्विल्ट आलं कुठून? आणि त्याला पॅचवर्क असं इंग्रजी नाव का?

उत्तर मजेशीर आहे. आपण राहतो तो हा राइन-नेकारचा, पूर्वीच्या पॅलेटिनेटचा प्रदेश. युद्धं, दुष्काळ आणि धर्मावरून होणारा छळ यांना कंटाळून इथून हजारो माणसं अमेरिकेला गेली. १७०९ साली तर लोंढाच निघाला. त्यांत मेनोनाइट होते, पुढे आमिशही गेले. पेनसिल्व्हेनियात त्यांची जी बोली टिकली, ती आजही मानहाइमच्या भाजीबाजारात ऐकू येणाऱ्या बोलीची बहीण शोभते. या लोकांकडे गोधडीची परंपरा नव्हती. पिसांची पांघरुणं आणि मागावर विणलेल्या चादरी हीच त्यांची रीत. गोधडी ते तिकडे शिकले, आपल्या इंग्रजी बोलणाऱ्या शेजाऱ्यांकडून. तेही जाऊन शंभर-दीडशे वर्षं झाल्यावर, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. आणि मग ती अशी आपलीशी केली की आज आमिश म्हटलं की जगाला घोडागाडीच्या पाठोपाठ त्यांची गोधडीच आठवते. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने जुन्या अमेरिकन गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर लावल्या आणि सगळीकडे या कलेची लाट आली. ती जर्मनीतही पोचली. इथल्या हौशी मंडळींची पॅचवर्क गिल्ड १९८५ साली स्थापन झाली. सीमेपलीकडे अल्सासमध्ये, जिथे आमिश पंथाचे संस्थापक याकोब अम्मान राहत होते त्या सेंत-मारी-ओ-मीन खोऱ्यात, दर सप्टेंबरात गोधड्यांचा मोठा मेळा भरू लागला.

म्हणजे गोधडी त्यांच्या सामानातून गेलीच नव्हती. ती परदेशात, घर सुटल्यावर सापडली. हे वाचलं तेव्हा मला जरा बरं वाटलं. मी वाकळ नाकारून आले ते आलेच, पण उशीर झाला म्हणून दार बंद झालं असं नाही.

आणखी एक धागा. दुसऱ्या महायुद्धानंतर इथला आसपासचा बराच भाग उद्ध्वस्त झाला होता. तेव्हा १९४६ पासून अमेरिका-कॅनडातल्या मेनोनाइटांच्या मदतसंस्थेने इथे अन्न, कपडे आणि पांघरुणं पाठवली. त्यात तिकडच्या बायकांनी एकत्र बसून शिवलेल्या गोधड्याही होत्या. ज्या गावांतून पूर्वज निघून गेले, त्यांच्याच आसपासच्या थंडीने कुडकुडणाऱ्या घरांत त्यांच्या नाती-पणतींच्या हातची ऊब येऊन पोचली.

आमच्या शेजारच्या ओमा १९३७ च्या. त्यांना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, आमच्याकडे नाही आली गोधडी, पण चिंध्यांचं मोल आम्हालाही शिकावं लागलं. नोव्हेंबर १९३९ मध्ये इथे कपड्यांचं रेशनकार्ड सुरू झालं. माणशी वर्षाला शंभर गुण, त्यात कोट घेतला तर मोज्यांची पंचाईत. जुन्यातून नवं करा, हे तेव्हाचं घोषवाक्य. युद्ध संपल्यावर त्यांच्या आईने लष्करी ब्लँकेटाचा कोट शिवून दिला होता, तो टोचायचा म्हणे! बोलता बोलता त्या आत गेल्या आणि लिननच्या दोन चादरी घेऊन आल्या. त्यांच्या आईच्या लग्नातल्या. इथे मुलीला रुखवतासारखा आउसश्टॉयर देत, त्यातल्या कोपऱ्यावर आद्याक्षरं भरतकामाने काढलेल्या चादरी. "माझ्या मुलांना नको आहेत. तुझ्या त्या गोधडीत चालतील का?" मी काय बोलणार? त्यांच्या घरातही तेच कपाट, तोच प्रश्न.

कामाला लागले ती मात्र ठेच खाऊनच. सवय व्हावी म्हणून आधी माझ्याच दोन जुन्या सिंथेटिक साड्यांवर हात चालवला. थर असे सरकले की मधोमध उंटाचं मदार तयार झालं! मग सुती जुने अभ्रे वापरून एक छोटं दुपटं केलं. ते मशीनमध्ये साठ डिग्रीवर टाकलं आणि लाल काठाने सगळं गुलाबी करून टाकलं. त्यातून शिकले ते तुम्हाला सांगते. कापड आधी वेगवेगळं धुऊन रंग जातो का पाहावा. तीस डिग्रीच्या वर जाऊ नये. इथल्या क्विल्टमध्ये दोन कापडांच्या मध्ये कापसाचं नाहीतर पॉलिएस्टरचं फ्लीस घालतात, वाकळेला ते लागत नाही, थर हीच तिची ऊब. आणि ओसरी नाही म्हणून हरकत नाही, दिवाणखान्यातलं टेबल सरकवून जमिनीवरच पसरावं. कोपऱ्यांवर दगडांऐवजी मी गरोटे स्वयंपाकाची जाड पुस्तकं ठेवली.

चौदा साड्यांचं काय केलं? दहा महिन्यांत तीन वस्तूंचे प्रकार झाले. ताईच्या लेकीला पहिलं बाळ झालं, त्याला सगळ्यांत विरलेल्या, म्हणजे सगळ्यांत मऊ साडीचं दुपटं. नव्या बाळाला नवं कापड टोचतं, जुनंच हवं, हे आपल्या बायकांना पूर्वीपासून ठाऊक आहे. माझी लेक शिकायला हांबुर्गला गेली, तिला मोठी वाकळ. तिच्या पोटात ओमांच्या लिननच्या चादरी घातल्या आहेत. आद्याक्षरांचा कोपरा मुद्दाम कडेला घेतला, तिथे वरचं कापड थोडं उघडं ठेवलं. आणि उरलेल्या पदरांच्या व काठांच्या पट्ट्या जोडून सहा उशांचे अभ्रे, भाचे-पुतण्यांसाठी प्रत्येकी एक.

दोन साड्या मी कापल्या नाहीत. त्या ताईला पाठवल्या, जशाच्या तशा, घडी घालून. सोबत त्या सहांपैकी एक अभ्रा. त्यावर आईच्या निळ्या साडीचा हळदीचा डाग असलेला तुकडा बरोब्बर मध्यभागी आहे. तो डाग काढून टाकायचा मोह झाला होता, पण काढला नाही.

पंधरा दिवस ताईचा फोन नाही. मलाच करायचं धाडस होईना. मग एका रविवारी आला. इकडचं-तिकडचं बोलणं झालं, बाळाचे दात, पाऊस, कृष्णेचं पाणी. ठेवता ठेवता म्हणाली, "ती उशी मी दुपारी घेते डोक्याखाली. तुझे टाके फार मोठे आहेत गं. आजी उसवायला लावली असती." थोडं थांबली. "त्या दोन साड्या पण परत पाठवते. थंडीच्या आधी माझ्यासाठी एक कर. टाके बारीक घाल."

तर मंडळी, आता घरात लिननचा दोरा आणून ठेवला आहे, मेण लावून. लेकही नाताळच्या सुट्टीत येते म्हणाली आहे, ती दुसरी बाजू धरणार आहे. तुमच्याकडेही तळघरात अशी एखादी बॅग असेलच. पुढच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती मंडळाच्या हॉलवर घेऊन या. जमीन मोठी आहे, सुया मी आणते. आणि भारतातून येताना कुणाची आई घडी करून काही पुढे करत असेल, तर कृपा करून वजनाचं कारण सांगू नका. कुकर इथेही मिळतो.